बूचं कागदावरचं नाव

उलामिला आत्याला मातीआड करून वर्ष झालं होतं, आणि आता तिला टायफॉइड झाला होता.

आरोग्य कचेरीत बसलेल्या अकानिसीनं ती ओळ वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. प्रयोगशाळेचं यंत्र हल्ली रक्ताचे निकाल थेट धाडायचं. मधे चिठ्ठी नाही, शिपाई नाही, कुणाचं अक्षर नाही. नाव उलामिला नाबोऊ, गाव नाइलोवा, टायफॉइड आहे. आणि खाली यंत्रानं स्वतःच्या अकलेनं जोडलेलं : ‘रुग्ण मृत. गावच्या नर्सला सूचना बंद.’

“सिस्टर, तुमच्या आत्याबाई वर गेल्या तरी तपासणी चुकवत नाहीत,” पलीकडून प्रणील म्हणाला. संगणक तोच सांभाळायचा. “आमचा आजा जिवंतपणी दवाखान्याची पायरी चढला नाही.”

“मेलेल्यांची मस्करी करतोस? जीभ झडेल.”

“मी कुठं करतोय? यंत्र करतंय. मागच्या आठवड्यातही त्यांचाच निकाल आला होता. तोही बंद.”

अकानिसीला चटईच आठवली. मयताला घरी विणलेली चटई न्यायची, ही त्यांच्याकडची रीत. आत्या मयताला गेली की कुणी किती चटया आणल्या ते डोळ्यांनीच टिपून घ्यायची. आणि तिच्याच मयताला सख्ख्या भाचीनं नेली ती बाजारातली, आयती विणलेली चटई! तेव्हापासून आत्या स्वप्नात येऊन दारात उभी राहायची. आत यायची नाही, बोलायची नाही, फक्त चटईकडे बघायची. आता ती कचेरीतही आली म्हणायची.

“असू दे बंद,” अकानिसी म्हणाली आणि चहा ओढला. चहाला आत्याच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास येत होता. तिनं कप लांब सारला.

प्रणील मात्र पडद्याकडेच बघत होता. “पण सिस्टर, रक्त तर आत्ताच काढलंय. मेलेल्या माणसाचं रक्त निघतं होय?”

“वय काय लिहिलंय?”

“गावच्या नर्सनं जन्मतारीख रिकामी सोडली, ती यंत्रानं जुन्या फाइलीतून भरली. नाव एक, गाव एक, म्हणजे माणूस एक. त्याला काय सोयरीक जुळवायचीय!”

“नाव एक…” अकानिसी थबकली.

आजीचं नाव नातीला ठेवायचं, ही तर घरोघरची रीत. पण मग ‘उलामिला, नाक पूस’ असं म्हणायची छाती कुणाची? म्हणून पोरीला सगळे ‘बू’ म्हणायचे, म्हणजे आजीच. आत्याचा मुलगा साकी, त्याच्या शेंबड्या लेकीला अख्खं गाव ओरडायचं, ‘बू, चड्डी घाल!’ बारशाला अकानिसीनं डुकराचं मटण चापून खाल्लं होतं. पण पोरीला दुसरं काही नाव आहे, हे तिच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं.

तिनं फोन लावला.

“ताई, बू तापानं फणफणलीय,” साकी म्हणाला. “नर्स म्हणते, निकाल आला की औषध बदलू. निकालच येत नाही.”

“आला होता रे.”

“मग?”

“गाडी बघ. आत्ताच्या आत्ता तिला इस्पितळात आण, मीही येते.”

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पोरीचं पोट दाबून पाहिलं. “आतडं अजून फुटलेलं नाही. औषध आत्ता लागलं तर वाचेल. उद्याचं मी सांगत नाही.”

सुई घेऊन आलेली परिचारिका नियमाची पक्की. “पेशंटचं नाव मोठ्यानं सांगा.”

“बू,” साकी म्हणाला.

“कागदावरचं. त्याशिवाय सुई नाही.”

आईचं नाव साकीनं जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. त्यानं अकानिसीकडे पाहिलं. तिनं मान हलवली, म्हण.

“उलामिला,” तो पुटपुटला.

“ऐकू नाही आलं.”

“उलामिला!”

खाटेवर पोरीचे डोळे मिटलेलेच होते. हे आपलं नाव, हे तिला ठाऊकच नव्हतं. ओठ तेवढे हलले.

“ती इथं झोपलीय,” बू म्हणाली. “हळू बोला.”

परिचारिकेनं सुई टोचली. औषध थेंब थेंब उतरू लागलं. साकी पोरीच्या पायांशी टेकला. पोर भिंतीला चिकटून पडली होती आणि बाकीची खाट मोकळी होती. अकानिसीचे पाय भरून आले होते, तरी ती उभीच राहिली.