बोनसचा अंगठा

सकाळी आठपासून उभं राहून बाळ देवस्थळ्यांच्या गुडघ्यांनी संपाची नोटीस दिली होती. वय अठ्ठावन्न, शाळेतली पी.टी.ची नोकरी संपलेली, नाव मात्र अजून बाळच. कर्वेनगरच्या मैदानावर मुलींच्या कबड्डी स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. पाच सामने उरकल्यावर आयोजकांनी त्यांनाच अंतिम सामन्याला पंच म्हणून उभं केलं. त्यात एक संघ हडपसरचा, म्हणजे नासिरचा. हे कळल्यावर गुडघ्यातला थकवा डोक्यापर्यंत चढला.

नासिर हडपसरला गॅरेज चालवायचा आणि उरलेल्या वेळात पोरींना कबड्डी शिकवायचा. त्याची बायको खातून म्हणायची, उलटं आहे. बावीस वर्षांची दोस्ती. ईदला शीरखुर्म्याचा डबा बाळरावांकडे कोथरूडला यायचा, दिवाळीला त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंच्या चकल्या हडपसरला जायच्या. बाळरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांचे चिरंजीव बंगळुरात मीटिंगमध्ये होते. महिनाभर व्यायामाला नेलं-आणलं ते नासिरने. सामन्याच्या दिवशी मात्र दोघं एकमेकांना ओळख दाखवत नसत. शेवटची शिट्टी झाली की मग कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात अर्धा-अर्धा चहा. हा नियम कुणी लिहिला नव्हता आणि कधी मोडलाही नव्हता.

फार वर्षांपूर्वी एकदा बाळरावांनी हडपसरला अगदी रास्त गुण दिला, तेव्हा गर्दीतून कुणीतरी शांतपणे म्हणालं होतं, “चहा कामी आला.” पुण्यात अशी वाक्यं फुकट मिळतात आणि जन्मभर पुरतात. तेव्हापासून नासिरचा संघ समोर आला की बाळराव डोळ्यांत तेल घालून बसायचे. दुसऱ्या संघाच्या पोरींना जे सहज मिळायचं, ते या पोरींना मिळेना. बाळराव याला मनापासून निःपक्षपातीपणा समजत.

आज नासिरची मुलगी मिसबा कप्तान होती. वयोगटातलं तिचं शेवटचं वर्ष, आणि जिंकणाऱ्या संघाची कप्तान थेट जिल्ह्याच्या संघात जाणार होती. बाळरावांना हे माहीत होतं. तिला अंगणात पहिली चढाई करायला त्यांनीच शिकवलं होतं.

सत्तावीस-सत्तावीस अशी बरोबरी, आणि शेवटची चढाई मिसबाची. समोर सहाजणी. कुणाला शिवायची गरज नव्हती. बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवायचा, त्या क्षणी दुसरा हवेत ठेवायचा आणि सुखरूप परत यायचं, की एक गुण. गुण दिल्याची खूण म्हणजे पंचाचा वर केलेला अंगठा.

मिसबाने पाय टेकवला, बाळरावांपासून चार हातांवर. दुसरा पाय जमिनीपासून चांगला वीतभर वर होता. त्यांनी स्वच्छ पाहिलं. आणि हात मांडीशी चिकटून राहिला.

ती परत आली तेव्हा वेळ संपली होती. मग जादा चढाया झाल्या आणि त्यांत हडपसर हरलं. मिसबाने एकदाच बाळकाकांकडे पाहिलं. वाद घातला नाही. पंचांशी हुज्जत घालायची नाही हे नासिरने तिला लहानपणापासून शिकवलं होतं, आणि ते शिकवताना दाखला द्यायचा तो बाळकाकांचाच.

चहाला नासिर येणार नाही असं त्यांना वाटलं, आणि आला नाही तर बरं, असंही वाटलं. तो आला. नेहमीसारखे दोन अर्धे सांगितले आणि बाकावर शेजारी बसला.

“पाय टेकला होता?”

“टेकला होता.”

“दुसरा हवेत?”

“हवेत होता.”

नासिरने चहावरची साय बोटाने बाजूला केली. आवाज चढवला असता तर बाळरावांना सोपं गेलं असतं. लोक काय म्हणतील असं वाटलं, एवढंच ते कसंबसं बोलले. बोलताना त्यांची त्यांनाच शरम वाटली.

“मला माहीत होतं, बाळ,” नासिर म्हणाला. “आजचं नाही, किती वर्षांचं. मी म्हणायचो, जाऊ दे, दोस्त आहे. पण किंमत मी नव्हतो देत, पोरी देत होत्या.” त्याने कप खाली ठेवला. “आपण हे बंद करू. चहा, डबे, सगळं. तू आमचा कुणी नसलास तर यांना हक्काचं तरी मिळेल.”

त्या दिवाळीला मंदाकिनीबाईंनी चकल्यांचा डबा भरला आणि दोन दिवसांनी रिकामा केला.

जानेवारीत कोथरूडला स्पर्धा होती. मिसबा नव्हती, तिचा वयोगट संपला होता. हडपसरच्या एका नव्या पोरीने बोनस रेषेपलीकडे पाय टेकवला, दुसरा जेमतेम बोटभर उचललेला. बाळरावांचा अंगठा विचार करायच्या आत वर गेला. गर्दीतून कुणी काही बोललं नाही. हडपसर त्याच एका गुणाने जिंकलं.

सामना संपल्यावर नासिर गुणपत्रकावर सही करायला टेबलापाशी आला. सही केली, पेन परत दिलं.

“थँक्यू, सर,” तो म्हणाला.

बावीस वर्षांत त्याने बाळला कधी सर म्हटलं नव्हतं.