वीस-बावीस, एकवीस-तेवीस

करडी गावातल्या घरासमोर, कडुनिंबाच्या सावलीत जीप उभी होती आणि जीपसमोर बाप आणि लेक अडून बसले होते.

जीपच्या इंजिनातल्या पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलं होतं. पंपावरचा पंखा हाताने हलवला की खुळखुळ वाजायचा. दीपमालाने भंडाऱ्याहून येतानाच नवा पंप आणला होता. तो बसवायचा तर आधी पंखा काढायला हवा, इथवर दोघांचं एकमत होतं. भांडण होतं ते हत्यारांच्या पेटीवरून.

दीपमालाचे बाबा, संघपाल, यांनी हयात घालवली ती मोहाडी रस्त्यावरच्या आपल्या गॅरेजात. दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी गॅरेज बंद केलं. आता पेटी खुशालला द्यायची त्यांनी ठरवली होती. खुशाल त्यांच्याच हाताखाली शिकलेला, तुमसरला दुकान टाकून बसलेला. संध्याकाळी तो पेटी न्यायला येणार होता.

"पेटी मले पाह्यजे, बाबा," दीपमाला म्हणाली.

"तुले? तू मास्तरीण. खडूच्या डब्यात ठेवशीन काय पाने?"

"तुमची आठवण म्हणून ठेवीन."

"आठवणीले माहा फोटो नेजो. पेटी ठेवाले नसते माय, उघडाले असते." बाबा खाटेवर सरळ बसले. डोळ्यांत ती जुनी, शिकवतानाची चमक आली. त्यांनी जमिनीवर अंथरलेल्या गोणपाटाकडे बोट केलं. "असं कर. पंखा काढाले जेवढं लागते तेवढंच काढून या बोरीवर मांड. एक कमी नको, एक जास्त नको. चुकली तर पेटी खुशालची. मंजूर?"

"मंजूर," ती म्हणाली.

पेटीचं झाकण उघडताच डिझेल आणि ग्रीसचा तो वास आला आणि ती एकदम सहा वर्षांची झाली.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी ती पहिलीत होती. अंक ती शाळेत नाही, या पेटीत शिकली. बाबा गाडीखालून हात बाहेर काढत आणि नंबर सांगत. ती पाना शोधून हातावर ठेवी. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. एका पान्याला दोन तोंडं, दोन तोंडांचे दोन नंबर. शाळेत बाईंनी अंक म्हणायला उभी केली तेव्हा ती खणखणीत आवाजात म्हणत गेली, "अठरा, एकोणीस, वीस, बावीस, एकवीस, तेवीस, चोवीस, सत्तावीस, पंचवीस, अठ्ठावीस, तीस, बत्तीस!" आणि संपलं म्हणून खाली बसली. बत्तीसच्या पुढे जगात काही नव्हतं. वर्ग हसून हसून लोटपोट झाला.

ती रडत घरी आली. बाबांनी चूक दाखवली नाही. अंगणात सगळे पाने ओळीने मांडले आणि म्हणाले, "तुहं बरोबर आहे. कंपनीनं काही नंबर बनवलेच नाही, त्याले तू काय करशीन? आता आपण बनवू." मग सव्वीसच्या जागी एक चिंचोका, एकोणतीसच्या जागी एक, एकतीसच्या जागी एक. त्या रात्री ती चिंचोके मुठीत धरून झोपली. आज पोरांना शिकवताना एखादा अंक गळला की ती अजूनही टेबलावर चिंचोका ठेवते.

"झोपली काय वो?" बाबांनी टोकलं.

दीपमाला उठली. पेटीतलं काही न काढता घरात गेली आणि पंपाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून घेऊन आली. तो तिने सगळ्यांत आधी बोरीवर ठेवला. पाना निसटला तर रेडिएटरची जाळी फुटू नये म्हणून पंखा आणि जाळीच्या मध्ये पुठ्ठा धरायचा, हे लहानपणी तिचंच काम होतं. बाबांनी मिशीवरून हात फिरवला.

मग दहा-अकरा, बॅटरीची तार सोडवायला. बारा-तेराचा रिंग पाना, पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या बोल्टांना. एक जुना पट्टा, पंख्यामागच्या पुलीला वेढा घालून ती जागच्या जागी धरायला. तिने हातोडा उचलला, क्षणभर तोलला आणि परत ठेवला.

"हातोडा काहून ठेवला?"

"तुम्ही कधी मारला होता काय?"

आता राहिला मधला मोठा नट. तो बत्तीसचा. तिने पेटीच्या तळाशी हात घातला. वीस-बावीस, एकवीस-तेवीस, चोवीस-सत्तावीस, पंचवीस-अठ्ठावीस... आणि पुढे रिकामं. तीस-बत्तीस नव्हताच.

"स्क्रू पाना आहे न तिथं," बाबा साळसूदपणे म्हणाले. "ढिला-आवळ करता येते. घे."

तिचा हात तिकडे गेला आणि थांबला. त्या पान्याचं तोंड जाड. पंखा आणि पंपाच्या मधल्या फटीत ते शिरणार नाही. म्हणून तर बाबांनी तीस-बत्तीस ग्राइंडरवर घासून घासून पातळ केला होता; तो घासताना उडणाऱ्या ठिणग्या तिने ओसरीवर बसून पाहिल्या होत्या.

"आई! बाबांचा मोठा पाना कोठं आहे?"

विमलाबाई आतून ओरडल्या, "तो होय? ढोलीच्या झाकणावर आहे. धानात उंदरं घुसून राहिले होते. दोन साल झाले, त्याले काही काम नव्हतं. मी देलं काम!"

घरात धान साठवायच्या ढोलीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलेला पाना तिने उचलला. भुसा झटकला. पातळ केलेलं तोंड अजून तसंच होतं. बोरीवर ठेवून ती मागे सरली. "झालं."

बाबा वाकून एकेक वस्तू पाहत राहिले.

"फिरवशीन कोणीकडे?"

"पंखा ज्या बाजूले फिरते, त्याच बाजूले. उलटी चुडी आहे, नटाचे आटे उलटे."

बॅटरीची तार आणि पत्रा सुटल्यावर त्यांनी थरथरत्या हातांनी पट्टा उचलला आणि पुलीला वेढा घातला. दोन्ही मुठी आवळल्यावर हातांची थरथर पट्ट्यात कुठेतरी जिरून गेली. "मार झटका."

दीपमालाने पाना नटाला लावला. पहिल्या झटक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला नट कुरकुरला आणि सुटला.

खुशालची मोटरसायकल अंगणात आली तेव्हा जुना पंपही निघाला होता आणि दीपमाला दोन्ही हातांत पंखा धरून उभी होती, कोपरापर्यंत काळी.

"जय भीम, काका. पेटी न्यावाले आलो."

"जय भीम. बस, चहा घे," बाबा म्हणाले. "पेटी कामावर आहे. पोरीनं दुसऱ्या झटक्यात नट काढला."

खुशालने एकदा पंख्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि हसून खाटेवर बसला. "माह्या हातून तर हा नट कधी दुसऱ्या झटक्यात निघाला नाही, काका."

चहा घेऊन आलेल्या विमलाबाईंची नजर मात्र बोरीवर होती. "सारं ठीक आहे. माह्या ढोलीवर आता काय ठेवू?"

काढून ठेवलेला जुना पंप बाबांनी उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. "हा घे. हा बी आता रिकामाच आहे, दे याले काम."