डावा आरसा

बाबांच्या मोटरसायकलला बाजारातले देखणे आरसे मी हौसेने बसवून दिले आणि घरात विकतचं दुखणं आणलं. डावा आरसा दोन दिवसही धड राहीना. खड्डा आला की लोंबलाच! त्यात बाबांची मान आखडलेली, दोन्हीकडे वळत नाही. मागचं जे दिसायचं ते आरशातूनच.

शेवटी आईने फर्मान काढलं, "आता हा आरसा पुन्हा लोंबला, की गाडी विकायची. जिवापेक्षा का गाडी मोठी?"

निवृत्तीनंतर आईला मागे बसवून भटकणं, एवढीच काय ती बाबांची चैन. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी भांडायला जाते. गेले तरातरा गॅरेजमध्ये.

मेकॅनिक शांतपणे म्हणाला, "ताई, नट मी आवळूनच देतो. कुणीतरी आरसा हाताने आत पिळतंय. डावीकडचा आत पिळला की आटे सुटणारच. जुन्याची नुसती काच वळायची, ह्याची अख्खी दांडी फिरते."

माझा संशय थेट शेजाऱ्यावर. त्याला आमचं बरं कधी बघवलंय? दुसऱ्या दिवशी सकाळीच मी खिडकीत दबा धरून बसले.

शेजारी फिरकलासुद्धा नाही. बाबा आले, आई मागे बसली, आणि बाबांनी डावा आरसा धरून चक्क आत पिळला!

"बाबा!" मी पाना घेऊन धावतच खाली गेले. "तुम्हीच? का पण?"

बाबा चोरासारखे हसले. "ही दिसावी म्हणून. मागे एकदा पेट्रोल भरायला ही उतरली, आणि मी तसाच निघालो. दोन चौक एकटाच बोलत होतो."

"उत्तर येत नाही, हे कळलं नाही?"

"वाटलं, रुसली असेल. मग सिग्नलला हात मागे नेला, तर सीट रिकामी. वाटलं, पडली कुठेतरी. तशीच गाडी मागे फिरवली. तेव्हापासून ही दिसली नाही की गाडी चालवताच येत नाही."

"आणि मला सांगितलंत, पंपावर गर्दी होती म्हणून गाडी पुढे लावली!" आई कडाडली.

बाबांनी खाली बघितलं असतं, पण मान तिकडेही वळेना.

मी आरसा रस्त्याकडे केला आणि नट आवळला. एरवी आई मागची कडी घट्ट धरून, अंग चोरून बसते. तिने कडी सोडली आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही मागच्या गाड्या बघा. हा हात आहे तोवर मी आहे," ती म्हणाली. "आणि रुसले, तरी हात काढायची नाही."