चौतीस वर्षांची रूथ

ज्यू पेशंटनं येऊन सांगितलं की लोक मला ज्यू म्हणून छळतात, तर थेरपिस्टनं काय करायचं, हे शिकवणं हा माझा धंदा. थोडक्यात, शांतपणे ऐकून घ्या, हे मी लोकांना शिकवते. मी स्वतः कोणाचं किती शांतपणे ऐकते, हे माझा नवरा तुम्हाला सांगेल. न विचारता सांगेल.

त्या बुधवारी आमच्या गावातल्या, प्रेस्टविचमधल्या एका दवाखान्यात वर्ग होता. पेशंटचं काम करायला एक नटी ठरवली होती. सकाळी तिचा घसा बसला. हे तिनं फोनवर इतक्या सुरेख घोगऱ्या आवाजात कळवलं की मला तिथेच संशय आला. मी फोन ठेवून देवाला दोन शब्द सुनावले. टेबलाशी बसलेली माझी आई म्हणाली, "मी येते की."

"मम, तू रात्रभर झोपलेली नाहीस."

"मग? घरी बसले म्हणून झोप लागणार आहे?"

तिची झोप वसंत ऋतूपासून उडाली होती. हिरवळीवर लाकडी चेंडू घरंगळवायचा एक क्लब आहे, तिथे ती डॅड होते तेव्हापासून जायची. तो अचानक सोडला. म्हणाली, गुडघा दुखतो. मग आपणहून एका थेरपिस्टकडे जायला लागली, तेव्हा मला हायसं वाटलं, तर थोड्याच दिवसांत तेही बंद. "मुलगा चांगला आहे गं, पण तिथे गाडी लावायला जागाच मिळत नाही." ममकडे गाडी नाही. नाव विचारलं की सांगायची नाही. ताटातलं अन्न तसंच राहायचं, गालफडं बसली होती, आणि तिनं परत कोणाकडे तरी जावं एवढंच मला हवं होतं. म्हटलं, चला, खोलीभर थेरपिस्ट एकदम बघेल, त्यातला एखादा तरी पसंत पडेल.

गाडीत मी तिला भूमिका समजावली. "तू रूथ. वय चौतीस. बँकेत नोकरी. बरोबरचे लोक टोमणे मारतात."

"नवरा काय करतो?"

"लग्न झालेलं नाही."

"चौतीस, आणि लग्न नाही? मग टोमण्यांचं काय घेऊन बसलीस, आधी त्याचं बोलू."

वर्गात ती खुर्चीवर ऐसपैस बसली, पर्स मांडीवर ठेवली आणि सगळ्यांकडे बघून म्हणाली, "मी रूथ. मी चौतीस वर्षांची आहे. दिवस जरा वाईट गेलेत."

पहिली पाळी पिपाची. पिपा नवीन होती आणि सगळी तयारी करून आली होती. पुढे झुकून ती म्हणाली, "रूथ, आधी मला माफी मागू दे. तुझ्याबरोबर जे झालं त्याची. आणि इतिहासात जे जे झालं, त्याचीही."

"सगळं तू केलंस?" मम म्हणाली. "एवढ्याशा वयात?"

पिपाचे डोळे भरून आले. ममनं तिचा हात हातात घेतला आणि नीट जेवतेस का, असं विचारलं. झालं. पिपानं घडाघडा सांगायला सुरुवात केली: तिचा मित्र लीड्सला निघून गेला, जाताना मांजरही घेऊन गेला. ममनं तिला धीर दिला, माझी मुलगीसुद्धा अशीच रडत बसायची, आता तिला बघ, तीन पोरं आहेत, थू थू थू. दृष्ट लागू नये म्हणून मम थुंकते तशी हवेत थुंकली. पिपानं वहीत लिहून घेतलं: थुंकण्याची लक्षणं.

"पिपा," मी दात आवळून विचारलं, "पेशंट कोण आहे?"

पिपानं विचार केला. "मला वाटतं, मी."

मी कपाळाला हात लावला. चौतीस वर्षांच्या कुमारिकेला तीन नातवंडं कशी, हे वर्गातल्या एकाही शहाण्याला खटकलं नव्हतं.

"आता तो," मम म्हणाली. कोट टांगायच्या स्टँडमागे एक उंच, हडकुळा माणूस बसला होता, ह्यू नावाचा. सकाळपासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं. ममला हडकुळी माणसं दिसली की खाऊ घातल्याशिवाय राहवत नाही, म्हणून बोलावत असेल, असं मला वाटलं.

ह्यू समोर येऊन बसला. त्यानं खुर्ची दोनदा मागे-पुढे सरकवली. "आज कशाबद्दल बोलू या?"

"कशाबद्दल बोलायला हवं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायला हवं?"

"असं का विचारता?"

"का विचारू नये?"

एकीकडे थेरपिस्ट, दुसरीकडे ज्यू आई. प्रश्नाला प्रश्नानं उत्तर द्यायची दोघांनाही रीतसर तालीम मिळालेली. जेवायची सुट्टी होऊन गेली असती तरी हे थांबलं नसतं. मी मध्ये पडणार, तेवढ्यात ममनं पर्स खाली ठेवली.

"बँकेचं राहू दे," ती म्हणाली. "माझा एक क्लब आहे. बातम्यांत ज्यूंचं काही आलं की तिथली मॉरीन चहाचा कप खाली ठेवते आणि माझ्याकडे वळते. 'फ्रीडा, हे काय चालवलंय तुम्ही लोकांनी?' मला घरचा बॉयलर चालवता येत नाही! मी म्हटलं, मॉरीन, मी तर तुझ्यासमोर केक खातेय. सगळे हसले. मीही हसले. मग एक दिवस क्लबातल्या माझ्या कपाटाच्या दारावर कोणीतरी किल्लीनं कोरलं, 'परत जा'. कुठे परत जाऊ? क्रम्पसॉलला? माझा जन्म तिथला. बसनं चार थांबे."

कोणीतरी हळूच म्हणालं, "काय अभिनय आहे!"

मी हातातला कागद बघितला. त्यात मॉरीन नव्हती. आणि ममनं स्वतःला फ्रीडा म्हटलं होतं.

"मग मी एका थेरपिस्टला हे सांगितलं," मम ह्यूकडे बघत म्हणाली. "त्यानं विचारलं, शाळेत कधी एकटं वाटायचं का? मी म्हटलं, शाळेत आम्ही सव्वीस मुली एका वर्गात होतो, एकटं वाटायला जागा कुठे होती? मग म्हणाला, सामान हलवताना दारांवर ओरखडे पडतात. वा रे वा! ओरखडा पडला, तोही शुद्धलेखनासकट पडला!"

ह्यूचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. "मी... गोपनीयतेचा नियम आहे. मला यावर काही बोलता येणार नाही."

"कोणाची गोपनीयता?"

"पेशंटची."

"पेशंट मी. बोल."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि पाठोपाठ तिडीक गेली. हाच तो! गाडी लावायला जागा नसलेला चांगला मुलगा! माझा लॅपटॉप त्याच्या टाळक्यात घालावा असं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, मी तो उचललासुद्धा.

ह्यू खाली बघत नव्हता. सरळ तिच्याकडे बघत होता. "तुम्ही सांगितलंत, तेवढं पुरे होतं," तो म्हणाला. "मी विश्वास ठेवला नाही. ते खरं असू नये असं मला वाटत होतं. आमच्या गावात, माझ्या ओळखीच्या क्लबात. म्हणून मी तुमच्या शाळेत जाऊन बसलो. माझं चुकलं, मिसेस लिपमन. ते घडलं. तुमच्यामुळे घडलं नाही, आणि तुमच्या मनाचे खेळही नव्हते."

मी लॅपटॉप खाली ठेवला. माणूस नेमकं मी शिकवते तेच करत होता, माझ्या आधी करत होता, आणि त्याचाही मला राग आला.

"तुम्हाला भीती वाटते का?" त्यानं विचारलं.

ममनं खाली ठेवलेली पर्स उचलून पुन्हा मांडीवर घेतली.

"हो," ती म्हणाली. "रात्री. खाली दार वाजल्यासारखं होतं, मग मी जिन्यात बसून राहते. उजाडेपर्यंत."

जिन्यात! मी त्याच घरात वर झोपलेली असते.

"मम," मी म्हणाले. वर्ग, भूमिका, सगळं गेलं खड्ड्यात. "मला का नाही सांगितलंस? मला? मी गावोगाव जाऊन हेच शिकवते!"

"म्हणूनच तर नाही सांगितलं," मम म्हणाली. "दिवसभर परक्यांचं हेच ऐकून येतेस तू, बुबेले, माझ्या सोन्या. दारात बूट काढतेस तेव्हा तुझा चेहरा मी बघते ना. म्हटलं, घरी एक तरी माणूस असं असू दे, ज्याला काही झालेलं नाही."

मी रडले. नुसतं मुसमुसून नाही, भोकाड पसरून, सगळ्या वर्गासमोर. ह्यू उठला आणि त्यानं आपली खुर्ची मला दिली. ममनं पर्समधून रुमाल काढला, त्याचं टोक जिभेनं ओलं केलं आणि माझा चेहरा पुसायला लागली. मी पन्नाशी ओलांडली आहे. मी पुसू दिला.