वादळाकडे तोंड करून

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा: भलंमोठं माळरान. झाड नाही, घर नाही, नुसतं गवत आणि त्यातून गेलेला एक कच्चा रस्ता. समोर काळानिळा ढग उभा आहे, जमिनीपासून पार वरपर्यंत. आता त्या रस्त्यावर एक जुनी गाडी लावा आणि मागच्या सीटवर एक मुलगी बसवा. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला सगळे खारू म्हणत. आज मात्र ती हलत नव्हती.

खारूचा बाबा वादळांचे फोटो काढायचा. गाडी आई चालवायची. "याला ढग दिसला की नवरदेवासारखी घाई होते," असं चिडवायची. तिचा एक नियम होता: गाडी लावायची ती वादळाकडे पाठ करून, इंजिन सुरू ठेवून. बाबाची नजर ढगावर, आईची परतीच्या रस्त्यावर. मधून मधून ती हाक द्यायची, "रस्ता मोकळा आहे!" हाक थांबली की फोटो बंद.

गेल्या वर्षी बाबाला मोह झाला. गाडीच्या दिव्यांनी पुढचं गवत उजळलं तर फोटोत जीव येईल! "एकदाच वळव ना गं," तो म्हणाला. आईनं गाडी वळवली. पाऊस कोसळला आणि परत फिरवताना चाक चिखलात रुतलं. बाबा लेन्स पुसत होता, म्हणून गाडी ढकलायला आईच उतरली. गाडीत बसलेल्याला वीज सहसा काही करत नाही. आई बाहेर होती.

फोटो फार सुंदर आला. बाबानं तो भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही. आत्या घरी राहायला आली. "दादा, दोन घास खा रे. माझ्या हातचं इतकंही वाईट नसतं," ती म्हणायची. बाबा ताटाकडे बघत बसायचा.

आज दुपारी ढग चढला आणि बाबानं किल्ली उचलली.

"निघालास? बरं झालं बाई!" आत्यानं डोळे पुसले.

खारूनं मात्र टेबलाकडे पाहिलं. कॅमेरा तिथंच होता. तिनं तो झटकन उचलला. कॅमेरा छातीशी धरून ती धावली आणि गाडीत जाऊन बसली.

"उतर."

"नाही."

"खारू, उतर म्हणतो ना!"

"उचलून काढ मग."

बाबाच्या अंगात तेवढंही त्राण नव्हतं.

माळावर त्यानं गाडी लावली ती वादळाकडे तोंड करून. इंजिन बंद केलं.

"बाबा, वळव ना गाडी. कॅमेरा आणलाय मी."

"कशाला आणलास? त्यानंच खाल्लं तिला."

"मग आपण इथं का आलोय?"

बाबा उतरला आणि ढगाच्या दिशेनं गवतातून चालू लागला. वीज कडाडली. खारूचा हात दाराच्या कडीवर गेला. आईसुद्धा अशीच उतरली होती. खारूनं हात मागे घेतला.

बाजूची काच खाली करून ती सीटवर गुडघे टेकून उलटी वळली. मागच्या काचेतून परतीचा रस्ता दिसत होता, कोरडा, रिकामा.

"रस्ता मोकळा आहे!" ती आईसारखी ओरडली.

तिनं वळून पाहिलं. बाबा थांबला होता, पण माघारी फिरला नव्हता. टपावर थेंब वाजू लागले.

हाक देणाऱ्यानं रस्त्यावरची नजर काढायची नसते. खारू पुन्हा मागच्या काचेकडे वळली, छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा हाक दिली.