चालकांच्या खोलीतलं निदान

बस आगारातल्या चालकांच्या खोलीत हे दुखणं ठरलेलं असायचं. वर्षानुवर्षं गरम इंजिनाशेजारी बसणाऱ्याला शौचाच्या वेळी रक्त जाणार आणि ती मूळव्याधच असणार. मलमाची ट्यूब खिडकीत असे. लागेल त्याने घ्यावी.

सात नंबरच्या बसच्या चालकाने रक्ताचं सांगितलं तेव्हा सगळ्यांत जुन्या चालकाने, मामांनी, त्याची पाठ थोपटली.

"आता पक्का ड्रायव्हर झालास. इतके दिवस शिकाऊच होतास."

सगळे हसले. तोही हसला.

चार महिने त्याने मलम लावलं. आधी लालभडक थेंब पडत. पुढे रक्त काळपट झालं, शौचात मिसळून येऊ लागलं. पोट कधी दोन दिवस गच्च, कधी दिवसातून पाचदा पळवायचं. जिना चढताना धाप लागे. त्याने कुणाला सांगितलं नाही. दुखण्याला नाव मिळालेलं होतंच.

बायको शिवणकाम करायची. त्याच्या गणवेशाची पँट तिने कमरेत दोनदा आत घेतली. तिसऱ्यांदा तिने टेप त्याच्याच कमरेला लावली.

"अहो, जेवता तर नीट. मग हे काय?"

"उन्हाळा आहे."

"उन्हाळ्यात चार इंच जातात? माप मला शिकवू नका."

मग त्याने सांगितलं. "मूळव्याध आहे गं. मामा म्हणाले."

"मामांनी तपासलं?"

दुसऱ्या दिवशी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर बाई होत्या. तपासणी मिनिटभराची, तो भिंतीकडे बघत राहिला.

"मूळव्याध आहे," त्या म्हणाल्या. त्याने सुस्कारा सोडला. "पण ती आहे म्हणून दुसरं काही नाही, असं नसतं. रक्त थोडं गेलं तरी एकदा दाखवायचं. काळपट जातंय, वजन उतरतंय, पोटाची सवय बदललीय, मग तर थांबायचंच नाही. भरपूर गेलं, चक्कर आली, तर थेट रुग्णालयात."

दुर्बिणीच्या तपासणीत आतड्यात गाठ दिसली. तुकडा तपासला, कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया सोमवारी ठरली. वाचेन का, या प्रश्नावर डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "आधी आला असतात तर जास्त खात्रीने सांगितलं असतं."

रजेचा अर्ज द्यायला तो आगारात गेला. खोलीत मामा एकटेच होते. त्याने सगळं सांगितलं. मामांनी खिडकीतल्या ट्यूबकडे पाहिलं.

"मला रक्त जातंय त्याला सहा वर्षं झाली," ते म्हणाले.

"उद्या चला माझ्याबरोबर."

"उद्या सकाळची पाळी आहे रे."

"बदलून घ्या," तो म्हणाला.