दोन पावलं आत

हिवाळ्यातल्या सकाळी खाडीवरून धुकं उठायचं आणि त्या धुक्यातून पत्र्याच्या डब्याची खडखड ऐकू यायची. आधी तो आवाज, मग फक्कीचा नाकाला झोंबणारा कोरडा वास, आणि त्यानंतर सावकाश, पाठमोरे, इब्राहिमचाचा. मैदानावर फक्की मारणारा माणूस उलटा चालतो; पांढरी रेषा त्याच्यासमोर उमटत जाते आणि तो मागं मागं सरकत राहतो. त्यामुळं चाचांच्या चेहऱ्याआधी आम्हाला त्यांची पाठ ओळखीची झाली. किंचित बाकदार, खाकी शर्टातली, फक्कीच्या धुळीनं खांद्यावर पांढुरकी झालेली ती पाठ उन्हाची पहिली तिरीप अंगावर घेत रोज कॉर्नरपासून कॉर्नरपर्यंत जायची. नवी मुंबईतल्या आमच्या विद्यापीठाचं मैदान ते सांभाळायचे. हुद्दा शिपायाचा होता.

गेल्या महिन्यात विद्यापीठाच्या पुरुष फुटबॉल संघाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मैदानावर आता कृत्रिम गवत बसवलं आहे, त्याच्या उद्घाटनाला स्मरणिका निघणार आहे. महाप्याच्या ऑफिसात बसून दिवसभर ईमेल लिहिणाऱ्या माणसाला चार ओळी बऱ्या लिहिता येतील, असा जुन्या मंडळींचा समज. माझ्याकडं एक जाडजूड फाइल आली. कर्णधारांची नावं, संघांचे फोटो, जिंकल्या-हरल्याच्या नोंदी. मी ती तीन वेळा वाचली. तीत चाचांचं नाव कुठंच नव्हतं, आणि मला तर या संघाचा सगळा इतिहास त्यांच्याच तोंडून कळलेला.

फक्की मारता मारता ते बोलत. मैदानाचा प्रत्येक तुकडा त्यांना माणसांनी आठवायचा. मधल्या वर्तुळाशी आले की पहिला संघ निघायचा: जर्सी आल्या नव्हत्या म्हणून बनियनवर निळ्या शाईनं आकडे काढून उतरलेली अकरा पोरं, आणि घामानं ती शाई उतरून निळ्या झालेल्या अकरा पाठी. पेनल्टीच्या ठिपक्याशी आले की आता न्हावा शेव्याला कस्टमच्या कामात असलेला एक गोलकीपर निघायचा, जो पेनल्टी अडवून आनंदानं असा रडला, की पुढच्याच मिनिटाला त्याला चेंडू दिसला नाही. चाचा कुणाला नावानं हाक मारत नसत. डाव्या पायानं खेळणारा मी डाव्या कडेला असायचो, म्हणून मी ‘डावऱ्या’. पहिल्या वर्षी मला त्याचा राग यायचा. पुढं पुढं आईनं नावानं हाक मारली तरी चुकल्यासारखं वाटायला लागलं.

आणि मग ते डाव्या कडेला येत. तिथं त्यांचा आवाज उतरायचा.

ही सगळी जमीन भरावाची. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी खालून झिरपायचं आणि मैदानाची डावी कड आतून मऊ व्हायची. वरून पाहणाऱ्याला काही कळायचं नाही. सुरुवातीच्या कुठल्याशा संघातला एक मुलगा तिथं धावत गेला, त्याचा पाय रुतला आणि गुडघा फिरला. चाचांनी त्याला पाठुंगळी घेऊन रिक्षापर्यंत नेलं. तो पोरगा पुन्हा खेळला नाही. त्यानंतर चाचांनी, कुणाला न विचारता, डावी रेषा आत घेतली. त्यांच्याकडं मोजायची एक सुतळी होती. एका टोकाला खुंटी, दुसऱ्या टोकाजवळ गाठ. गाठ येईल तिथं रेषा. ती गाठ त्यांनी दोन पावलं अलीकडं बांधली, आणि वर्षानुवर्षं आमचं मैदान डावीकडून दोन पावलं अरुंद राहिलं. टेप लावून कुणी मोजलं नाही. आमचा सराव मात्र नेहमी एकाच गोलच्या दिशेनं व्हायचा, त्यामुळं संघाचे डावे खेळाडू कुठंही गेले की कडेच्या बऱ्याच अलीकडं आत वळत. समोरच्या संघांचे कोच त्याला आमची खास शैली म्हणायचे, आणि आमचे सर मान डोलवून ते कौतुक पदरात पाडून घ्यायचे.

माझ्या शेवटच्या वर्षी आम्ही विभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचलो. संघाच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच. निघताना चाचा बसच्या दाराशी उभे होते. पांढरे हात पँटला पुसत म्हणाले, “डावऱ्या, ह्या वक्ताला कप घेऊनच यायचा. मी कपाट पुसून ठेवलंय.”

परगावचं मैदान, डिसेंबरातली अवकाळी भुरभुर, चिखलात फक्की विरघळून रेषा दिसेनाशी झालेली. शून्य-शून्य, आणि दोन-चार मिनिटं उरलेली. त्यांच्या खेळाडूच्या पायाला लागून चेंडू डाव्या कडेनं घरंगळत निघाला. माझ्या डोळ्यांना रेषा दिसत नव्हती, पण तीन वर्षांत पायांना ती पाठ झाली होती. पाय म्हणाले, गेला बाहेर. मी थांबलो आणि थ्रोसाठी हात वर केला. शिट्टी वाजली नाही. लाइन्समनचा झेंडा खालीच होता. हात वर करून मी शाळेतल्या पोरासारखा उभा, आणि त्यांचा खेळाडू माझ्या शेजारून तो चेंडू घेऊन गेला. गोल झालेला मी पाहिलासुद्धा नाही, फक्त आरडाओरडा ऐकला. चेंडू दोन पावलं आत होता.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामीच राहिली. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सकाळी विद्यापीठाच्या फाटकाशी उतरलो तर चाचा समोर. त्यांना कळलं होतं, तरी हसून पुढं आले, माझी बॅग घ्यायला हात केला. आणि मी, सगळ्या संघासमोर, जीभ उचलली आणि टाळ्याला लावली.

“हात नका लावू. तुमच्या वाकड्या रेषेनं वाटोळं केलं आमचं. मॅच आम्ही नाही हरलो, चाचा, तुम्ही हरवलीत.”

नाचता येईना अंगण वाकडं, असं मला तेव्हा कुणीतरी तोंडावर सुनावायला हवं होतं. त्या मुलाच्या गुडघ्याची गोष्ट मला ठाऊक होती, रेषा आत का आली ते ठाऊक होतं, तरी बोललो. चाचांनी पुढं केलेला हात मागं घेतला. रागावले नाहीत. नुसतं विचारलं, “किती पावलं आत होता रे बॉल?”

“दोन.”

त्यांनी मान हलवली, दुकानदारानं सांगितलेलं माप लक्षात ठेवावं तशी, आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी डावी रेषा दोन पावलं बाहेर गेली होती. मला वाटलं, चला, आपलं खरं झालं. कसलं डोंबलाचं खरं!

मग परीक्षा आली, नोकरी आली, सोसायटीतला फ्लॅट आणि त्याचं टेन्शन आलं. चाचांची माफी मागायची आहे, हे मी एक दिवसही विसरलो नाही, आणि एक दिवसही गेलो नाही. लाजेची एक गंमत असते, ती जितकी शिळी होते तितकी जड होते. एकदा बसच्या खिडकीतून ते मैदानाच्या कडेला वाकलेले दिसले, संध्याकाळचं पिवळं ऊन पाठीवर घेऊन काहीतरी ओतत होते. उतरावंसं वाटलं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात निवांत येऊ.

स्मरणिकेच्या निमित्तानं गेल्या रविवारी शेवटी गेलो. उरणच्या बाजूला खाडीकाठी त्यांचं गाव. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय! चाचा गेले होते; त्यांचा चाळिसावा होऊनही आठवडा झाला होता. दारात त्यांची बायको, फातिमाचाची, तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी नाव सांगायच्या आत त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“तू डावऱ्या ना? चालन्यावरनं वळखलं. हे चालून दाखवायचे तुजं.”

मी त्यांच्यासमोरच टेकलो. चहा आला, तो निवून गेला. अंगणात एका घमेल्यात मिरचीचं रोप होतं. चाची घमेल्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, “बूड गेलं त्याचं, म्हनून माती भरली. तुमच्या ग्राउंडावर झिजलं ते. ड्युटी सुटली का हे रोज मुरूम टाकायचे कडेला. चार उन्हाळे. पावसात बसायचा, की पुन्हा टाकायचे. कंबर गेली, डॉक्टर वरडला, आयकतात व्हय?”

“कशासाठी, चाची?” उत्तर माहीत असूनही मी विचारलं.

“रेष भायेर काढली नं. म्हनायचे, आता तितं पोरांचा पाय रुतायला नको.”

मग मी सगळं सांगितलं. फाटकाशी काय बोललो ते शब्द न् शब्द सांगितलं, आणि सांगताना मला रडू आवरलं नाही. चाचींनी पदराच्या टोकाशी चाळा केला.

“म्हायत हाय मला. राग नव्हता रे त्यांना. म्हनायचे, पोरगा खरं बोलला. जमीन नीट करायची सोडून मीच भिऊन रेष आत घेतली.” सूप पुन्हा पुढ्यात ओढत म्हणाल्या, “आनि म्हनायचे, तो येल एक दिस. आला का त्याला सांग, कडेला उभा राहून बघ म्हनावं, पाय रुततो का.”

निघताना त्यांनी ती सुतळी माझ्या हातात दिली. फक्कीनं पांढरी, कडक झालेली. टोकाजवळ दोन गाठी होत्या, दोन पावलांच्या अंतरावर. नवी बांधली तरी जुनी त्यांनी सोडली नव्हती.

काल अमावास्येचं उधाण होतं. भरतीची वेळ पाहून मी दुपारी मैदानावर गेलो. हिरवंगार, एकसारखं, अनोळखी गवत. रेषा आता यंत्रानं रंगवलेल्या असतात, डब्याची खडखड उरलेली नाही. गवत बसवणाऱ्यांचा मुकादम शेवटची आवराआवर करत होता. मी सहज विचारलं, तर म्हणाला, “पूर्ण ग्राउंड खोदून भराव टाकला, साहेब. ही डावी साइड तेवढी सोडली. कुणीतरी आधीच असली ठोकून ठेवलीय, कुदळ लागंना.”

मी बूट काढले. डाव्या रेषेपाशी गेलो, जुन्या गाठीपासून नव्या गाठीपर्यंतची ती दोन पावलं आतून बाहेर मोजत चाललो आणि रेषेवर उभा राहिलो. आधी डावा पाय, मग दोन्ही. मग या वयात, त्या मुकादमादेखत, उडी मारली. खाडीला पाणी काठोकाठ चढलं होतं.

“नाही रुतत, चाचा,” मी म्हणालो.

स्मरणिकेत आता पहिलं नाव त्यांचं लिहीन, पण ते वाचायला ते नाहीत. वर्षं गेली, पोरं पांगली, धुक्यातला तो पाठमोरा माणूसही मागं मागं सरकत दिसेनासा झाला. माझ्या एका वाक्यापायी त्यानं घातलेली ती दोन पावलांची जमीन तेवढी अजून, न बोलता, माझं वजन पेलते आहे.